आधी पत्ता, मग बाकी सगळं: जर्मनीत नोकरीला गेलेल्यांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांमधून जर्मनीतल्या सरकारी कागदपत्रांविषयीचे प्रश्न निवडले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. काही रकमा दरवर्षी जानेवारीत बदलतात, म्हणून अशा आकड्यांसोबत सालही दिलं आहे.

प्रश्न: पुण्याहून म्युनिकला येऊन तीन आठवडे झाले. ओळखीच्या मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतली आहे. पत्ता नोंदवायला गेलो तर भाडेकरार दाखवूनही परत पाठवलं. कंपनीतून सांगतात की टॅक्स नंबर लवकर दिला नाही तर पगारातून भरमसाट कर कापला जाईल. मूळ घरमालकाला विचारायला हे कुटुंब कचरतं. काय करू?

तुमच्याकडे मागितलेला कागद वेगळा आहे. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे घर देणाऱ्याने लिहून दिलेला दाखला. नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. करारावरून तुम्ही घर भाड्याने घेतलं एवढंच कळतं, तुम्ही खरोखर राहायला आलात हे कळत नाही. म्हणून कितीही पानांचा करार दाखवला तरी उपयोग होत नाही. हा दाखला एका पानाचा असतो आणि त्याचा छापील नमुना प्रत्येक शहराच्या वेबसाइटवर मिळतो. त्यात घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, घराचा पूर्ण पत्ता (मजला आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली बरी), राहायला आल्याची तारीख आणि राहायला आलेल्या प्रत्येकाचं नाव लागतं. तारीख करार सुरू झाल्याची नव्हे, किल्ली घेऊन आत आल्याची. नावं पासपोर्टात आहेत तशीच लिहून घ्या. बायको-मुलं बरोबर असतील तर त्यांचीही नावं त्याच कागदावर हवीत. एखादं राहिलं की त्या व्यक्तीसाठी पुन्हा फेरी मारावी लागते.

हा दाखला मूळ मालकानेच द्यायला हवा असं नाही. तुम्हाला खोली देणारा मुख्य भाडेकरू 'घर देणारा' म्हणून सही करू शकतो. मालक वेगळा असेल तर त्याचं नाव तेवढं लिहावं लागतं. मात्र पोटभाडेकरू ठेवण्यासाठी मालकाची परवानगी घेणं ही त्या कुटुंबाची जबाबदारी आहे, आणि ती न घेता खोली दिली असेल तर त्यांचं घर अडचणीत येऊ शकतं. कचरण्याचं कारण तेच असणार. त्यांना सांगा की घराचा काही भाग भाड्याने देण्यामागे रास्त कारण असेल तर मालकाला सहसा नकार देता येत नाही. पत्र लिहून परवानगी मागणं हाच सरळ रस्ता आहे. 'फक्त नोंदणीसाठी पत्ता देतो, इतके युरो द्या' असं कुणी म्हणालं तर मात्र त्या वाटेला जाऊ नका. न राहता पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोट्या पत्त्यावर नोंदणी करणारा तर पुढे प्रत्येक कार्यालयात अडकतो.

मुदत राहायला आल्यापासून १४ दिवसांची आहे. ती उलटली की १,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत १४ दिवसांत अपॉइंटमेंटच मिळत नाही, हे कार्यालयालाही ठाऊक असतं. म्हणून ज्या दिवशी प्रयत्न केला त्या दिवसाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि लांबची का होईना, एक तारीख धरून ठेवा. मग रोज सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास वेबसाइट पाहत जा. रद्द झालेल्या वेळा तेव्हा मोकळ्या होतात. शहरात अशी कार्यालयं बरीच असतात आणि बहुधा त्यांपैकी कुठल्याही एकात नोंदणी चालते. घराजवळच्याच कार्यालयासाठी अडून बसू नका.

आता टॅक्स नंबर. तो अकरा अंकी असतो, त्याला श्टॉयर-आयडी म्हणतात, आणि पत्ता नोंदवल्यावर तो आपोआप टपालाने येतो. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. इथेच आपली बरीच माणसं अडकतात, आणि कारण अगदी साधं असतं. जर्मनीत फ्लॅटला क्रमांक नसतो. पोस्टमन इमारतीच्या दारात उभा राहून पेट्यांवरची आडनावं वाचतो. पेटीवर त्या कुटुंबाचं 'जोशी' असेल आणि पाकिटावर 'देशमुख', तर पत्र 'अशा नावाची व्यक्ती इथे नाही' असा शेरा घेऊन परत जातं. पुन्हा मागितलं तरी हा नंबर फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत, पुन्हा टपालच येतं आणि आणखी काही आठवडे जातात. म्हणून खोलीत सामान टाकलं की त्याच दिवशी आपलं आडनाव पासपोर्टातल्या स्पेलिंगने पेटीवर आणि बेलच्या पाटीवर लावा. कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी पुरते.

नंबर कंपनीकडे पोचला नाही तर शेवटी तुम्हाला सहाव्या कर-वर्गात टाकतात. या वर्गात करमुक्त उत्पन्नाची सूट (२०२६ साठी वर्षाला १२,३४८ युरो) अजिबात धरत नाहीत, म्हणून कपात एवढी मोठी दिसते. पैसे बुडत नाहीत. नंबर दिल्यावर कंपनी पुढच्या पगारात दुरुस्ती करते, नाहीतर वर्षाअखेरचं विवरणपत्र भरून परत मिळतात. पण घराची अनामत आणि पहिलं भाडं भरायच्या महिन्यातच हात आखडतो, म्हणून पेटीवरच्या नावाला इतकं महत्त्व.

प्रश्न: मी वसईची, कॅथलिक. कोलोनमध्ये परिचारिका म्हणून रुजू झाले. पत्ता नोंदवण्याच्या फॉर्मवर धर्म विचारला आहे. खरं लिहिलं तर कर लागतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. फॉर्मवरचा हा रकाना ज्या धर्मसंस्थांसाठी सरकार कर गोळा करतं त्यांच्यापुरता असतो, आणि त्यांत कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्च मुख्य आहेत. हिंदू वाचकांनी तो कोरा ठेवला किंवा 'काहीही नाही' लिहिलं तरी चालतं. बाप्तिस्मा भारतात झालेला असला तरी कॅथलिक व्यक्ती चर्चची सदस्यच धरली जाते. कर पगारावर नसून आयकरावर असतो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत तो ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. महिन्याला ५०० युरो आयकर कापला जात असेल तर तुम्हाला कोलोनमध्ये ४५ युरो पडतील, आणि विवरणपत्रात त्याची वजावट मिळते.

खोटं लिहू नका. नंतर चर्चच्या कार्यालयाकडून चौकशीचं पत्र येऊ शकतं आणि मागचा कर एकदम भरावा लागतो. चर्चमधून कायदेशीररीत्या बाहेर पडता येतं. तुमच्या राज्यात त्यासाठी स्थानिक न्यायालयात जावं लागतं आणि ३० युरो फी पडते. पण तसं केल्यावर जर्मनीतल्या पॅरिशमध्ये लग्न, मुलाचा बाप्तिस्मा अशा वेळी अडचण येते. निर्णय घरच्यांशी बोलून घ्या.

प्रश्न: मी फ्रांकफुर्टमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे. भारतातून आणलेला व्हिसा तीन आठवड्यांनी संपतोय. ब्ल्यू कार्डसाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवासपरवाना) परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला तीन ईमेल केले, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात नाशिकला आईचं ऑपरेशन आहे. गेलो तर परत येता येईल का?

कायदा तुमच्या बाजूने आहे. मात्र त्याचा लाभ मिळायला एक गोष्ट व्हिसा संपायच्या आत करायला हवी. अपॉइंटमेंट मिळणं आणि अर्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवास कायद्याच्या कलम ८१ उपकलम ४ नुसार, परवाना संपण्यापूर्वी तुम्ही अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना सर्व अटींसह चालू धरला जातो. कार्यालय उत्तर कधी देतं यावर ते अवलंबून नाही. म्हणून तुमचे तीन ईमेल काय म्हणतात ते आधी उघडून पाहा. 'अपॉइंटमेंट मिळेल का' असं विचारलं असेल तर त्याला कुणी अर्ज म्हणणार नाही.

आजच अर्ज करा. शहराच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज असेल तर तोच भरा आणि शेवटी येणारी पोचपावती पीडीएफमध्ये जपून ठेवा. तशी सोय नसेल तर पत्र लिहा. पहिलंच वाक्य असं असू द्या: 'हिअरमिट बेआन्ट्रागे इश दी एरटायलुंग आइनर ब्लाउएन कार्टे ए-ऊ', म्हणजे 'मी याद्वारे ब्ल्यू कार्ड देण्यासाठी अर्ज करत आहे'. खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा संपण्याची तारीख आणि सही. बरोबर पासपोर्ट व व्हिसाच्या पानांच्या प्रती, नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या, पत्तानोंदणीचा कागद, भाडेकरार, आरोग्य विमा कंपनीचं सदस्यत्वाचं पत्र आणि पदवी जोडा. ईमेलने पाठवाच, शिवाय तेच कागद नोंदणी टपालानेही पाठवा. तीन आठवडे हातात आहेत, म्हणून टपाल व्हिसा संपायच्या आत पोचेल. कागद अपुरे असतील तरी थांबू नका. अर्ज आधी, राहिलेले कागद नंतर.

आता प्रवास. व्हिसा अजून चालू असताना जाऊन त्याच्या आत परत येत असाल तर काहीच नको. तुमचं तसं नाही, म्हणून तुम्हाला फिक्सियोन्सबेशायनिगुंग नावाचा कागद लागेल. अर्ज प्रलंबित आहे हे सांगणारा तो घडीचा कागद असतो, फी १३ युरो. हातात आल्यावर आतल्या पानावरच्या तीन चौकोनांपैकी कुठल्यात फुली आहे ते काउंटरवरच पाहा. तिसरा चौकोन, कलम ८१ उपकलम ४ चा, असेल तर जुना परवाना चालू धरला जातो आणि तुम्ही बाहेर जाऊन परत येऊ शकता. वरचे दोन उपकलम ३ चे आहेत. त्यांवर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर पडलं की परत येण्याचा हक्क उरत नाही. व्हिसावर आलेल्या आणि वेळेत अर्ज केलेल्या माणसाला तिसराच चौकोन मिळायला हवा. चुकून दुसरी फुली पडली असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

अपॉइंटमेंटशिवाय हा कागद मिळवायचा तर कारण पुराव्यानिशी द्यावं लागतं. रुग्णालयाचं ऑपरेशनच्या तारखेचं पत्र इंग्रजीत घ्या, विमानाचं तिकीट जोडा, आणि ईमेलच्या विषयात 'तातडीचं, प्रवास अमुक तारखेला' असं जर्मनमध्ये लिहा. नुसतं 'तातडीचं' म्हणणारे ईमेल रोज शेकड्याने येतात. तारीख असलेला ईमेल वेगळा काढला जाण्याची शक्यता जास्त. मुंबई विमानतळावर परतताना हा कागद, मुदत संपलेला व्हिसा असलेला पासपोर्ट आणि अर्जाची पोचपावती असं तिन्ही हातात ठेवा. काउंटरवरच्या माणसाने असा कागद कधी पाहिलेला नसतो. शांतपणे पर्यवेक्षकाला बोलवायला सांगा. त्यात वेळ जातो, म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. कागद न मिळताच निघालात आणि व्हिसा भारतात असताना संपला, तर वकिलातीत नव्याने व्हिसा काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

तीन महिने झाले तरी अर्जावर काहीच हालचाल नसेल तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेचा दावा करता येतो. कित्येकदा वकिलाने तसं पत्र पाठवल्यावरच फाइल हलते.

जाता जाता फोटोचं सांगतो. १ मे २०२५ पासून जर्मन पासपोर्ट आणि निवासपरवान्यासाठी छापील फोटो चालत नाही. मान्यताप्राप्त फोटोग्राफर किंवा काही औषधी-सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत डिजिटल फोटो काढून कोड असलेली चिठ्ठी घ्यायची, किंवा कार्यालयात यंत्र असेल तर तिथेच काढायचा. भारतातून आणलेली फोटोंची पाकिटं या कामाला आता निरुपयोगी आहेत.

प्रश्न: नवरा श्टुटगार्टला, मी अजून कोल्हापुरात. त्याच्याकडे ब्ल्यू कार्ड आहे. इथल्या एजंटाने विवाह नोंदणी दाखला, जन्मदाखला आणि पदवी या तिन्हींच्या अपोस्टिलचे (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारला जाणारा शिक्का) मिळून मोठे पैसे सांगितले. शिवाय माझ्या दहावी-बारावी आणि पदवीवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टावर सासरचं. अडेल का? जर्मन भाषेची ए-१ परीक्षाही द्यावी लागेल का?

अपोस्टिलवर एक रुपयाही घालवू नका. भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतला. त्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिल लागूच होत नाही. दाखल्याच्या मागे तो शिक्का असला तरी जर्मन अधिकाऱ्याच्या लेखी त्याला किंमत नाही. त्याऐवजी, एखाद्या जर्मन कार्यालयाला कागदाची खात्री करायची असेल तर ते कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीला पडताळणी करायला सांगतं. मग वकिलातीचा विश्वासू वकील दाखला देणाऱ्या कार्यालयात जाऊन नोंदवही तपासतो. याला काही महिने आणि बऱ्यापैकी पैसे लागतात, पण मागणी जर्मन कार्यालयाकडून यावी लागते. एजंटाने आपण होऊन सुचवायची ही गोष्ट नव्हे. नेदरलँड्सला जाणाऱ्यांचा अनुभव जर्मनीला लावला जातो, तिथे ही गल्लत होते.

ए-१ बद्दल निर्धास्त राहा. ब्ल्यू कार्डधारकाच्या पत्नीला किंवा पतीला व्हिसासाठी जर्मन भाषेचा पुरावा द्यावा लागत नाही, आणि आल्याबरोबर नोकरीही करता येते. जर्मन शिकून गेलात तर दैनंदिन आयुष्य सोपं होईल, पण व्हिसा त्यासाठी अडणार नाही.

नावाचा गोंधळ मात्र गांभीर्याने घ्या, कारण आपली नावं लिहायची पद्धत जर्मन फॉर्मला समजत नाही. आपल्या बोर्डाच्या आणि बऱ्याच विद्यापीठांच्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि गुणपत्रिकेवर आईचंही. पासपोर्टात मात्र 'दिलेलं नाव' या एका ओळीत तुमचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, आणि आडनाव वेगळं. जर्मनीत मधलं नाव ही कल्पनाच नाही. 'दिलेलं नाव' या ओळीतली सगळी नावं तुमचीच नावं धरली जातात. म्हणजे लग्नानंतर पासपोर्टात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं असेल, तर जर्मन कारकुनाच्या दृष्टीने तुमचं पहिलं नावही बदललं आणि आडनावही. त्याला वाटतं या दोन वेगळ्या बाया आहेत.

यावर उपाय म्हणजे साखळी जोडून दाखवायची. जन्मदाखला माहेरच्या नावाने, विवाह नोंदणी दाखल्यावर लग्नापूर्वीचं आणि नंतरचं दोन्ही नावं, आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. दाखल्यावर लग्नानंतरचं नाव नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत घ्या. मुद्रांकावरच्या प्रतिज्ञापत्राला जर्मनीत फारसं वजन नाही, राजपत्राला आहे. पासपोर्टात 'पतीचं नाव' या ओळीत नवऱ्याचं नाव ज्या स्पेलिंगने आहे तेच त्याच्या पासपोर्टात आहे ना, तेही तपासा. एका 'एच'चा फरकही विचारला जातो.

ग्रामपंचायतीचा दाखला नुसता मराठीत, हाताने लिहिलेला असेल तर आधी तिथूनच मराठी-इंग्रजी छापील प्रत मिळवा. जर्मनीत शपथबद्ध मराठी अनुवादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, इंग्रजीचे भरपूर. अनुवाद जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेला बरा. त्यांची यादी तिथल्या न्यायखात्याने ऑनलाइन ठेवली आहे.

एक फायदा बरेचजण सोडून देतात. तुम्ही पोचल्यावर पत्ता नोंदवताना विवाह दाखला दाखवून 'विवाहित' अशी नोंद करून घ्या. ती झाली नाही तर नवऱ्याचा पगार एकट्या माणसाच्या पहिल्या कर-वर्गातच राहतो. नोंद झाली की दोघांना चौथा वर्ग आपोआप मिळतो. तुम्ही नोकरी करत नसाल तर तिसरा आणि पाचवा वर्ग अशी जोडी मागता येते, तिने दर महिन्याची कपात कमी होते. आणि तुम्ही डिसेंबरमध्ये पोचलात तरी त्या संपूर्ण वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं. त्यात भारतातलं त्या वर्षाचं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यावर जर्मनीत कर बसत नाही, पण कराचा दर ठरवताना ते धरतात.

प्रश्न: पगार वर्षाला ८०,००० युरो. खाजगी आरोग्य विमा सरकारीपेक्षा स्वस्त पडतोय. घ्यावा का?

घाई करू नका, कारण तुमच्यासाठी एक दार तीन महिन्यांत बंद होतं. २०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० युरोंपेक्षा जास्त पगार असणाऱ्यांना सरकारी विमा सक्तीचा नाही. पण जर्मनीत पहिलीच नोकरी असलेल्याला रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्वेच्छेने सरकारी विम्यात जाता येतं. ही मुदत गेली आणि पगार मर्यादेच्या वरच राहिला, तर परत यायचा रस्ता फार अवघड होतो. वयाच्या ५५ नंतर जवळजवळ बंदच.

खाजगी विमा तरुण, एकट्या, निरोगी माणसाला स्वस्त दिसतो. पण हप्ता माणशी असतो, वयाबरोबर वाढतो, आणि आधी तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर जादा हप्ता किंवा सरळ नकार. सरकारी विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, वर प्रत्येक कंपनीचा थोडा जादा दर, आणि दोन्हींचा अर्धा वाटा कंपनी भरते. ठरावीक मर्यादेवरच्या पगारावर हप्ता वाढत नाही. कुटुंब पुढेमागे येणार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: सरकारीच घ्या. व्हिसासाठी काढलेला प्रवासविमा मात्र इथे चालत नाही. नोकरी सुरू झाली की तो संपला असं समजा.

प्रश्न: ब्ल्यू कार्ड मिळून आठ महिने झाले. दुसऱ्या कंपनीची चांगली ऑफर आहे. राजीनामा देऊ का?

आधी नव्या करारासह कार्यालयाला कळवा. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालय ३० दिवसांपर्यंत बदल थांबवून अटी तपासू शकतं. नवा पगार ब्ल्यू कार्डच्या किमान मर्यादेवर हवा. २०२६ मध्ये ती ५०,७०० युरो आहे, आणि आयटीसारख्या तुटवड्याच्या क्षेत्रांत व नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी ४५,९३४.२० युरो. नवा करार सही होऊन हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आणि नोकरी मुदतीआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत तसं कळवणं ही तुमची स्वतःची जबाबदारी आहे, कंपनीने कळवलं तरीही.

प्रश्न: हॅम्बुर्गमध्ये बाळ झालं. जन्मनोंदणी कार्यालय आम्हा दोघांचे जन्मदाखले मागतंय. माझ्या दाखल्यावर नावच नाही, नुसतं 'मुलगा' आणि आई-वडिलांची नावं आहेत. बाळाचा दाखला अडकला आहे.

हा प्रश्न फार घरांत आहे, कारण पूर्वी बारशाच्या आधीच जन्म नोंदवला जायचा आणि नाव चढवायला कुणी परत जायचं नाही. घरच्यांना त्या महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत पाठवा. नाव चढवायला नोंदणीपासून पंधरा वर्षांची अट आहे आणि जुन्या नोंदींसाठी वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, म्हणून सध्याची मुदत तिथेच विचारा. दरम्यान बाळाचं अडू देऊ नका. पालकांची ओळख कागदांनी पुरती सिद्ध झाली नसेल तर कार्यालय जन्मदाखल्याऐवजी जन्मनोंदवहीचा साक्षांकित उतारा देतं, त्यावर तसा शेरा असतो. शेरा वाचून वाईट वाटतं खरं, पण तो उतारा अधिकृत आहे आणि पुढच्या कामांना चालतो. तोच मागा, नाव चढल्यावर दुरुस्त करून घेता येतो.

तारखांकडे लक्ष ठेवा. बाळाच्या निवासपरवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत. भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी एका वर्षाच्या आत, कारण भारतीय नागरिकत्व त्यावर अवलंबून आहे. बालभत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, २०२६ मध्ये महिन्याला २५९ युरो आहे आणि अर्जाच्या मागच्या सहाच महिन्यांचा मिळतो. पालकभत्ता मागच्या तीनच महिन्यांचा. 'सगळे कागद जमले की अर्ज करू' असं म्हणत थांबलेल्यांचे हजारो युरो यात गेले आहेत. आज अर्ज करा आणि 'जन्माचा कागद नंतर पाठवतो' असं त्यात लिहा.

प्रश्न: भारतातल्या लायसन्सवर गाडी किती दिवस चालवता येते?

जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने. अनुवाद बरोबर ठेवा. त्यानंतर चालवणं म्हणजे विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा, आणि तो तुमच्या निवासपरवान्याच्या फाइलपर्यंत पोचतो. भारताचं लायसन्स सरळ बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्यांसारखे तास भरण्याची सक्ती नाही, पण ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच परीक्षेला बसावं लागतं. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्गही लागतो. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. ३० प्रश्न, आणि चुकांचे १० पर्यंत गुण चालतात.

आपल्याकडे पंधरा-वीस वर्षं चालवलेली माणसं प्रत्यक्ष परीक्षेत नापास होतात ती दोन गोष्टींवर. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो रस्ता कितीही लहान असो. आणि लेन बदलताना किंवा वळताना आरसा पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावं लागतं, परीक्षकाला ते दिसेल असं. चार-सहा तास शिकवणी घ्याच.

प्रश्न: पत्ता नोंदवल्यावर महिन्याभराने टीव्ही-रेडिओ शुल्क मागणारं पत्र आलं. घरात टीव्ही नाही. फसवणूक तर नाही ना? आणि पिवळ्या पाकिटात आणखी एक पत्र आलं आहे, ते उघडलं नाही.

पहिलं पत्र खरं आहे. हे शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे, टीव्ही असो वा नसो. एका घरात तिघे राहत असतील तर एकाने भरायचं. दुसरं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा नऊ अंकी खातेक्रमांक कळवा, तुमचं खातं बंद होईल. गप्प बसलात तर दंड चढतो आणि शेवटी वसुली येते.

पिवळं पाकीट आत्ता उघडा. तसं पाकीट पेटीत टाकताना पोस्टमन त्यावर हाताने तारीख लिहितो, आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. तुम्ही पत्र वाचलं की नाही याला महत्त्व नाही. पत्राच्या शेवटी हरकतीची मुदत दिलेली असते. वाहतुकीच्या दंडासाठी ती दोन आठवडे असते, इतर सरकारी निर्णयांना बहुधा एक महिना. साध्या पाकिटातून आलेलं सरकारी पत्र २०२५ पासून टपालात टाकल्यानंतर चौथ्या दिवशी मिळालं असं धरतात. मजकूर कळत नसेल तर तारीख आणि मुदत एवढं तरी कुणाकडून वाचून घ्या, मुदत संपत आली असेल तर 'मी हरकत घेतो, कारणं नंतर देईन' एवढं एक वाक्य सही करून पाठवा, आणि ते पिवळं पाकीट पत्राला पिनेने जोडून ठेवा.